मुरत घातलेली बाटली

इंग्रजी कादंबऱ्यांतील सद्गृहस्थांच्या घराखाली तळघर असते आणि त्या तळघरात मद्याच्या बाटल्या वर्षानुवर्षे आडव्या निजलेल्या असतात, ही गोष्ट मी गेली तीस वर्षे विद्यार्थ्यांना समजावून सांगत आलो आहे. ती सांगू लागलो की मुलांच्या चेहऱ्यावर कोणता भाव उमटणार, हे आता मला पाठ झाले आहे. पिण्याची वस्तू विकत घ्यावयाची आणि ती न पिता वीस वर्षे अंधारात ठेवावयाची, यात त्यांना शहाणपण दिसत नाही. एकदा एका विद्यार्थ्याने उभे राहून मला विचारले, “सर, इतकी वर्षे माल पडून राहिला तर भाडे किती झाले असेल?” वर्ग खो खो हसला. तथापि प्रश्न भिवंडीच्या मुलाला शोभेल असाच होता. ज्या गावाच्या चारी बाजूंना गोदामांच्या रांगा पसरल्या आहेत, त्या गावात माल ठेवण्यासाठी यावयाचा असतो तो पुढे जाण्यासाठीच, मुरण्यासाठी नव्हे.

मी त्या मुलाला उत्तर दिले नाही. कारण अशी एक बाटली त्या वेळी माझ्याच घरात पडून होती आणि तिचे भाडे काय होत होते, हे माझे मला ठाऊक होते.

ती बाटली माझ्या धाकट्या भावाने आणली. १९९८ साली त्याच्या कारखान्याने त्याला काही महिन्यांसाठी फ्रान्सला धाडले होते. तो तिकडे असतानाच श्रावणात आमच्या घरी कन्येचा जन्म झाला. दिवाळीला तो परतला तेव्हा त्याच्या पेटीत वहिनीसाठी अत्तर, आईसाठी लोकरीची शाल आणि एका गंजिफ्रॉकात गुंडाळलेली ही बाटली होती. बोर्दो प्रांतातील तांबडी वाइन, १९९५ च्या हंगामाची. कोणा विख्यात मळ्याची नव्हे. नोकरदार माणसाच्या खिशाला परवडेल अशी, पण विकणाऱ्याने “ठेवण्याजोगी आहे” असे सांगितलेली. तिच्या चिठ्ठीच्या कडेला त्याने शाईने लिहिले होते, की ही बाटली दादास, पुतणीच्या लग्नात उघडण्यासाठी.

आमचे घर तेव्हा जुन्या भिवंडीत होते. जाड भिंतींचे, कौलारू आणि माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागे असे. वडील कर्मठ नव्हते, पण घरात मद्य कधी आले नव्हते. धाकट्याने बाटली त्यांच्यापुढे धरली तेव्हा आम्ही दोघेही, लग्न झालेले बाप्ये असूनही, शाळकरी मुलांसारखे श्वास रोखून उभे होतो. वडिलांनी चष्मा लावला, बाटली उजेडाकडे धरली आणि विचारले, “द्राक्षांचेच ना?” धाकटा म्हणाला, “होय.” “मग द्राक्षासवच म्हणायचे,” असे म्हणून त्यांनी स्वतः उठून ती माजघरातल्या पाण्याच्या रांजणामागे, एका लाकडी खोक्यात आडवी ठेवली.

वडिलांच्या त्या उद्गारात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. आसवे जितकी जुनी तितकी गुणकारी, असे शार्ङ्गधराने आपल्या संहितेत सांगून ठेवले आहे आणि वैद्यकीचा नाद असल्यामुळे वडिलांना ते माहीत होते. मनुका, गूळ आणि धायटीची फुले घालून बंद केलेले भांडे धान्याच्या राशीत महिनाभर पुरून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. म्हणजे वस्तू मुरत घालण्याचे शास्त्र आपल्याला परके नाही. परकी होती ती फक्त बाटली.

फ्रान्समधल्या माणसाने धाकट्याला चार नियम सांगितले होते, ते त्याने मला लिहून दिले. बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. ते वाळून आकसले की हवा आत शिरते आणि वाइनचा शिरका होतो. जागा अंधारी असावी. तिथली हवा बारा-तेरा अंशांच्या आसपास आणि बारा महिने सारखी असावी. आणि बाटलीला हादरे बसू नयेत, कारण काळाच्या ओघात तळाशी बसणारा गाळ ढवळता कामा नये. जुन्या घराने यांतले तीन नियम जमतील तसे पाळले. बारा अंश भिवंडीला पौष महिन्यातल्या पहाटेही लाभत नाहीत. पण रांजणामागचा तो कोपरा वैशाखातही हाताला गार लागे, एवढे खरे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २६ जुलै २००५ च्या पावसात कामवारी नदीचे पाणी गावात शिरले आणि आमच्या माजघरात मांडीइतके चढले. खोके तरंगत ओटीवर आले. बाटलीला काही झाले नाही. पण वरची चिठ्ठी भिजून तिचा लगदा झाला. सुकल्यावर धाकट्याच्या लिहिण्यातला एकच शब्द वाचता येत होता, तो म्हणजे “दादास”. २००६ साली वडील गेले. त्यानंतर घराचे वासे पाहून मी म्हणालो, की आता हे विकावे. धाकटा म्हणाला, की दुरुस्त करावे. दोघांचीही बाजू खरी होती. म्हणूनच भांडण मिटले नाही. खोटी बाजू असलेला माणूस कधीतरी थकतो. खऱ्या बाजूचा थकत नाही. २००८ साली घर विकले गेले. धाकट्याने जिथे सांगितले तिथे सही केली, आपला वाटा घेतला आणि एक शब्दही न बोलता तो नाशिकला निघून गेला. त्यानंतर पंधरा वर्षे आम्ही भेटलो ते लोकांच्या लग्नामुंजींत आणि मर्तिकांत. भेटलो की पावसापाण्याचे बोललो. पावसापाण्याविषयी सख्खे भाऊ किती वेळ बोलू शकतात, याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

बाटली माझ्याकडे आली. धामणकर नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आम्ही घर घेतले, तिथे कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी, गोधड्यांच्या मागे मी ती आडवी ठेवली. आता या जागेची गंमत पाहा. ज्या वस्तूला अंधार, गारवा आणि शांतता हवी, तिला मी धामणकर नाक्यावर आणून ठेवले होते! समोर उड्डाणपूल, त्यावरून रात्रंदिवस जाणारे ट्रक; मागच्या गल्लीत यंत्रमाग. मागांची खटखट कानाला ऐकू येईनाशी होते, इतकी ती सवयीची होऊन जाते. पण पाण्याच्या पेल्याकडे नीट पाहिले तर त्यात बारीक वलये उठलेली दिसतात. चैत्र-वैशाखात त्या कपाटाचे दार उघडले की आतून वाफ येई. तांबड्या वाइनमधली तुरट आणि रंगीत द्रव्ये हळूहळू एकमेकांशी जोडली जाऊन जड होतात व तळाशी बसतात. तुरटपणा निवतो, जांभळा रंग विटकरी होतो, फळांचा ताजा वास जाऊन त्या जागी दुसराच एक गंभीर वास येतो. हे सारे हळूहळू झाले तर ते मुरणे. उष्णतेने घाई केली की तेच काम निम्म्या वर्षांत उरकते आणि मग उताराला लागते. हे मी पुस्तकांत वाचले होते.

होय, वाचले होते. मी इंग्रजीचा प्राध्यापक. एडिंबरोच्या विद्यापीठात वीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या जॉर्ज सेंट्सबरी याने १९२० साली आपल्या तळघरातील मद्यांविषयी एक सबंध पुस्तक लिहिले. ते मी मिटक्या मारीत वाचले होते. वाइनचा थेंब न चाखता तिच्याविषयी सर्व काही जाणणारा माणूस म्हणजे आपल्याकडचा इंग्रजीचा प्राध्यापक. कीट्सला क्लॅरेट किती आवडे, हे मी पोरांना सांगितले आहे. बोर्दोच्या तांबड्या वाइनलाच इंग्रज लोक क्लॅरेट म्हणतात, हेही सांगितले आहे. तेव्हा, जगातली बहुतेक वाइन चार-पाच वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते, थोडी दहा-पंधरा वर्षे सुधारत जाते आणि फारच थोडी त्यापुढे टिकते, हे मला पक्के माहीत होते. साधारण २०१२ च्या उन्हाळ्यात मी ती बाटली उजेडाकडे धरून पाहिली. मानेतली पातळी बोटभर खाली गेली होती. मी काय समजायचे ते समजलो आणि बाटली पुन्हा गोधड्यांमागे ठेवली.

का ठेवली? मी स्वतःला सांगितले, की धाकट्याने लग्नात उघडण्यास सांगितली आहे आणि कन्या तर अवघी चौदा वर्षांची. पण ज्या अक्षरांचा मी आधार घेत होतो ती पुराच्या पाण्याने केव्हाच धुऊन नेली होती. खरे कारण निराळे होते. भावाने आणलेली बाटली भावावाचून उघडता येत नव्हती. आणि ती उघडण्यासाठी त्याला बोलवायचे, तर पहिला शब्द मला टाकावा लागणार होता. तो टाकण्यापेक्षा वाइन नासली तरी चालेल, असे मी ठरवले. ठरवले असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे नाही. मी काहीच ठरवले नाही. कपाटाचे दार लावून घेतले, इतकेच.

गेल्या काही वर्षांत मला “मुरणे” या शब्दाविषयी फार कुतूहल वाटू लागले आहे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पहिला पाऊस जमिनीत मुरतो. या सर्व ठिकाणी तो शब्द किती तृप्त वाटतो! पण तोच पाऊस भिंतीत मुरला म्हणजे? शब्द तोच, पाणी तेच. पण तिथे ओल येते, पोपडे सुटतात आणि एके दिवशी भिंत बसते. जमिनीत मुरलेले पाणी विहिरीच्या वाटेने वर येते. भिंतीत मुरलेल्याला वाट नसते. कुठेतरी पाणी मुरते आहे, असे आपण म्हणतो तेव्हा या दुसऱ्या मुरण्याविषयीच बोलत असतो. राग मनात ठेवला की तो कालांतराने निवळतो, असे मला वाटत आले होते. निवळतो खरा, पण त्याला जमीन मिळाली तर. मी त्याला भिंत दिली होती.

मागच्या डिसेंबरात नव्हे, त्याच्याही आधी, २०२३ च्या मार्गशीर्षात कन्येचे लग्न ठरले. केळवणाचा दिवस धरला. तेव्हा तिने आम्हा कोणाला न विचारता काकाला फोन लावला. काय बोलली ते मला कळले नाही. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन तिने एवढेच सांगितले, “काका शनिवारी येतोय. त्याने सांगितलेय की बाटली शुक्रवारपासून उभी ठेव, म्हणजे गाळ खाली बसेल. आणि बाबा, ती कुठे आहे?”

माझ्या गांभीर्याची एक हकिगत इथे सांगितली पाहिजे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात मद्य प्राशन करावयाचे तर आजही परवाना लागतो. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते ते ती विसरतात. मी मात्र रीतसर परवाना काढला. आमच्या कुटुंबाने तो पाहिला आणि म्हणाली, “भावाशी बोलायचाही परवाना मिळत असता, तर तोही तुम्ही काढून ठेवला असता, आणि वापरला नसता.” तीस वर्षांच्या संसारात तिने मला फार वेळा निरुत्तर केले आहे, पण इतके समूळ क्वचितच.

शनिवारी धाकटा आला. केस पांढरे झालेले. त्याने आईला नमस्कार केला, मला केला आणि पिशवीतून दोन पात्यांचा एक चिमटा काढून टेबलावर ठेवला. जुने बूच स्क्रूने ओढले तर भुगा होते. ही दोन पाती बुचाच्या दोन्ही अंगांनी सरकवून ते फिरवीत वर घ्यावयाचे असते. त्याने मेणबत्ती मागितली. पूर्वी भिवंडीत तासन्तास वीज जात असे, त्या दिवसांतली अर्धी जळलेली एक मेणबत्ती कुटुंबाने फळीवरून काढून दिली. बाटलीच्या मानेमागे ज्योत धरावयाची आणि वाइन संथपणे दुसऱ्या भांड्यात ओतावयाची. गाळाची काळी रेघ मानेपाशी दिसली की थांबावयाचे. आमच्याकडे त्यासाठीचे नाजूक भांडे कुठले? सरबताचा काचेचा जग होता, तो घेतला.

बूच निम्मे आले, निम्मे तुटून राहिले. धाकट्याने ते हलक्या हाताने बाहेर घेतले. कोणी बोलत नव्हते. मागच्या गल्लीतले माग मात्र चालूच होते. ज्योतीपुढून ओघळणारा तो रंग मी पुस्तकांत वाचला होता तसाच होता. जांभळा मुळीच नव्हे, जुन्या कौलासारखा. त्याने प्रत्येकाच्या पेल्यात दोन-दोन घोट ओतले आणि आम्ही प्रथम वास घेतला.

तो वास मी विसरणार नाही. मनुका, जुनी लाकडी पेटी, पावसाळ्यातला पाचोळा. पाच-दहा मिनिटे तो त्या खोलीत होता. आई मद्याला शिवणार नव्हती, पण तिने पेला नाकाशी धरला आणि म्हणाली, “आपल्या माजघराचा वास आहे याला.” काचेतून आणि बुचातून घराचा वास वाइनमध्ये शिरत नसतो, हे मला कळते. मी काही बोललो नाही. धाकटाही बोलला नाही. तो खिडकीबाहेर पुलाकडे पाहत राहिला.

मग आम्ही घोट घेतला. वाइन गेलेली होती. नासली होती असे म्हणता येणार नाही, पण तिच्यात काही उरले नव्हते. पातळ, आंबट, आणि शेवटी जिभेवर शिरक्याची एक कड. जावईबापू सभ्य मुलगा, तो म्हणाला, “छान आहे.” त्यावर कन्या हसली आणि सगळेच हसले. दुसरा घोट घेईपर्यंत तो वासही विरून गेला होता.

धाकट्याने पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “दहा-बारा वर्षांपूर्वी उघडायला हवी होती, दादा.”

“तू नव्हतास,” मी म्हणालो.

“बोलावले असतेस तर आलो असतो.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. बाटलीविषयी जसे सांगितले तसेच त्याने हेही सांगितले, झालेली गोष्ट म्हणून. मला वाटते, माझ्या आयुष्यात मला इतके सौम्य आणि इतके पूर्ण उत्तर कोणी दिलेले नाही. मी म्हणालो, “चुकले माझे.” पंधरा वर्षे जो शब्द टाकण्याची मला धास्ती होती तो एवढाच होता; आणि तो टाकताना घसाही दाटला नाही. त्यावर तो म्हणाला, “घराचे वासे खरेच गेले होते. मी नंतर एकदा येऊन बाहेरून पाहिले.” इतके बोलून तो चिमटा पुसू लागला.

जेवायला बसण्यापूर्वी त्याने पिशवीतून दुसरी बाटली काढली. नाशिकची, त्याच्या घरापासून तासाभराच्या वाटेवरच्या मळ्यातली. नाशिकची ही शेती आमच्या बाटलीहूनही तरुण. तिकडचे मळे नावारूपाला आले ते या शतकातच. फ्रान्समध्ये द्राक्षे आश्विनाच्या सुमारास उतरतात. आपल्याकडे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा करून माघ-फाल्गुनात पीक घेतात, म्हणजे ते पावसाच्या तावडीत सापडत नाही. हे सर्व धाकटा मोठ्या उत्साहाने सांगत होता आणि मला आठवत होते, की लहानपणी पतंगाच्या मांज्याविषयी तो असाच बोलत असे. या बाटलीला बूचही नव्हते. फिरवून काढायचे झाकण होते. कन्येने विचारले, “काका, ही किती वर्षे ठेवायची?” तो म्हणाला, “ही मुरत घालायची नाही. आजच प्यायची.” आणि खरोखरच ती पुरणपोळीशी नाही तरी वालाच्या बिरड्याशी फार छान जमली.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, की एका बाटलीवरून एवढा प्रपंच कशाला? वाइन नासली म्हणून जगाचे काही अडत नाही, हे खरेच. पण त्या बाटलीत आम्हा दोघा भावांची म्हणून काही वर्षे होती. ती तिच्या ऐन रंगात, भरल्या पेल्याने आम्हाला मिळू शकली असती. मिळाला तो दहा मिनिटांचा वास. तो मिळाला याचा आनंद मला आहे. परंतु पेला मिळाला नाही याचे खापर मी भिवंडीच्या उन्हाळ्यावर किंवा मागांच्या हादऱ्यांवर फोडणार नाही. ठेवलेली वस्तू आपोआप मुरते, हा आपला एक सुखकर भ्रम आहे. लोणच्याची बरणीदेखील मधून मधून हलवावी लागते, दादरा नीट बांधला आहे की नाही हे पाहावे लागते आणि वेळ झाली की ती उघडावी लागते. आमच्या आईला हे विद्यापीठात न जाता ठाऊक होते.

रिकामी बाटली कुटुंबाने टाकली नाही. तिच्या तळाचा गाळ धुऊन तिने तीत मनीप्लांटची फांदी लावली आहे आणि ती खिडकीत, ऐन उजेडात, नाक्याच्या सगळ्या गोंगाटात उभी आहे. “दादास” हा शब्द अजून पुसटसा दिसतो.

परवा नाशिकहून द्राक्षांची पेटी आली. पाठोपाठ धाकट्याचा फोन. “दादा, पेटी पोचली का? ठेवू नका हां. आजच खा.”

आम्ही ती संध्याकाळपर्यंत संपवली.